आक्काची चाळण

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आक्काचा कारखाना होता आणि त्याला पाटी नव्हती. तिथे केसांचे टोप तयार होत. खरे केस, बारीक आकड्याने एकेक करून जाळीत गाठलेले. टोप घालणाऱ्याची एकच इच्छा असते, की जगाने आपल्याला काहीही म्हणावं, पण हा टोप आहे असं म्हणू नये. म्हणून येणारी माणसं आधी चष्म्याच्या काचेत डोकावल्यासारखं करत, इकडेतिकडे बघत आणि मग बाजूच्या जिन्याने सटकन वर येत. चष्मेवाल्याला हे सगळं ठाऊक होतं. अशा वेळी तो मुद्दाम पाठ करून उभा राही.

गुपित राखण्याचे नियम आक्काच्या वडिलांनी घालून दिलेले होते. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, त्याने सांगितलंच तर विसरून जायचं. फोन नंबर घ्यायचा नाही, कारण घरचा फोन नेमका भलताच माणूस उचलतो. जिन्यात दोन गिऱ्हाइकं एकमेकांसमोर येता कामा नयेत, म्हणून आमचं उत्तर आल्याशिवाय यायचं नाही. पुढे ईमेल आला तेव्हा आक्काने हेच नियम त्यालाही लावले. मेलमध्ये नाव लिहायचं नाही आणि टोप हा शब्द तर नाहीच नाही, ‘वस्तू’ म्हणायचं. गिऱ्हाइकंही शहाण्यासारखी तसंच लिहीत. वस्तू तयार आहे का, वस्तू सैल झालीय, वस्तूवर सूप सांडलंय, कोणाला बोलू नका.

कारखान्यात माणसं तीन. आक्का डोक्याचं माप घेई आणि शेवटची कापणी करी. तिचा धाकटा भाऊ केस गाठी. तो सकाळी आकडा हातात घेई तो संध्याकाळीच खाली ठेवी, आणि बोलण्याचं काम त्याने लग्न झाल्या दिवसापासून बायकोवर सोपवलेलं होतं. ती बायको, म्हणजे आक्काची भावजय, तिघांच्या वाटचं बोले आणि मेलचा कारभारही तिच्याकडेच होता. गिऱ्हाइकांना नावं नव्हती, पण डाव्या भांगाचे कोण, पिकल्या कानशिलांचे कोण, कुरळ्या बाई कोण, हे तिला मेलच्या पहिल्या ओळीवरून कळायचं. आक्का संगणकाच्या वाटेला जात नसे. समोर उभं राहून मापून घेतलेल्या दुधावरही जिचा विश्वास नव्हता, ती त्या डब्यावर कुठून ठेवणार?

पण भावजयीची आई घसरून पडली, पाय मोडला, आणि भावजयीला घाईघाईने माहेरी जावं लागलं. जाता जाता तिने आक्काला मेल उघडायला शिकवलं. आक्काने ते ऐकून घेतलं खरं, पण हे काय शिकायचं असतं होय, असा चेहरा करून.

दुसऱ्याच दिवशी मेल आला की तुमचं पार्सल अडकलं आहे, सोडवण्यासाठी इथे दाबा. आक्का जाळीच्या पार्सलची वाट बघत होती. तिने दाबलं. पडदा काळा झाला, मग लाल झाला आणि मग संगणक असा काही बोंबलायला लागला की खालून चष्मेवाला धावत वर आला. भावाने आकडा थांबवून मान वर केली.

“आक्का, तू?” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण ते आक्काला फार लागलं. गल्लीतल्या सगळ्यांना सावध राहायला शिकवणारी बाई फसली, आणि तेही एका पार्सलला.

संगणक दुरुस्त करणारा आला. कारखान्यात परका माणूस यायचा म्हणजे टोप चढवलेल्या लाकडी डोक्यांवर चादरी टाकायच्या, हाही नियमच होता. त्यामुळे त्याला दिसल्या त्या नुसत्या चादरी आणि त्यांखाली गोलगोल काहीतरी. त्याने विचारलं, धंदा कसला? आक्का म्हणाली, कापडाचा असतो तसा. ताकास तूर लागू दिली नाही. तो स्वतः चांगला उंच, हसतमुख आणि पार गुळगुळीत टकलाचा होता. तो वायरी खुपसत असताना आक्काने सवयीने त्याच्या डोक्याचं माप नजरेनेच घेऊन टाकलं.

संगणक शुद्धीवर आला तेव्हा त्याने आक्काला सांगितलं, की येणाऱ्या मेलना एक फिल्टर लावता येतो, चाळणीसारखा. चांगलं तेवढं आत येतं, बाकीचं कचऱ्याच्या खणात पडतं. लबाड कसा ओळखायचा ते तुम्ही सांगा, मी तसं यंत्राला शिकवतो.

आक्काला हेच हवं होतं. जो आपलं नाव लिहीत नाही तो लबाड. जो कशाबद्दल बोलतोय ते धड सांगत नाही, नुसतं वस्तू नाहीतर पार्सल म्हणतो, तो लबाड. जो घाई करतो तो लबाड. आणि कोणाला सांगू नका म्हणणारा तर पक्का चोर. दुरुस्तीवाल्याने हे सगळं शब्दाला शब्द यंत्रात घातलं. मावशी, तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात, असंही म्हणाला.

मग त्याने सांगितलं की अजून एक यादी असते, भरवशाच्या माणसांची. त्यांनी काहीही लिहिलं तरी यंत्र त्यांना अडवत नाही. तिच्यात कोणाकोणाचे पत्ते घालू?

“कोणाचेच नको,” आक्का म्हणाली.

एकही नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा आक्काने थोडा विचार करून वीज कंपनी सांगितली. वीज कंपनीवरही तिचा भरवसा नव्हता, पण बिल यायला हवं होतं.

आता हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल, की आक्काने सांगितलेल्या खुणा लबाडांच्या होत्या त्याहून जास्त तिच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या होत्या. तिनेच त्यांना तसं लिहायला शिकवलं होतं. पण रागावलेल्या माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नाही. भावजय असती तर तिने कपाळावर हात मारला असता. भाऊ तर तिथेच बसला होता, पण तो केस मोजत होता.

चाळण लागली आणि मेलचा खण स्वच्छ झाला. रोज सकाळी आक्का तो उघडी, विजेच्या बिलाशिवाय काही नाही हे बघून समाधानाने मान हलवी आणि बंद करी. पहिले काही दिवस तिला वाटलं, बरं झालं, जरा शांतता मिळाली. पुढे ती शांतता तिला टोचायला लागली. उत्तर आल्याशिवाय यायचं नाही हा नियम, त्यामुळे जिन्यावर पाऊल वाजेना. डाव्या भांगाचे दर महिन्याला टोप धुवायला आणत, ते आले नाहीत. कुरळ्या बाईंचा जुना टोप दुरुस्त होऊन पडला होता, त्यांचाही पत्ता नाही. आक्का म्हणाली, लोकांना आजकाल हाताच्या कामाची कदर राहिली नाही. भावाने पुढचा केस उचलला.

पण खरी काळजी तिला चिमणीची होती.

चिमणी म्हणजे एक तरुण मुलगी, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी. हे नाव आक्कानेच ठेवलेलं, कारण पोरीची चिवचिव थांबत नसे. काही महिन्यांपूर्वी ती जिना चढून आली तेव्हा तिच्या डोक्यावर स्वतःचे दाट, कमरेपर्यंतचे केस होते. तिला मोठ्या आजाराचे उपचार सुरू व्हायचे होते, त्यात केस जाणार होते, म्हणून ती ते आधीच कापून द्यायला आली होती. माझेच केस आहेत, मलाच परत करा, म्हणाली. शाळेतली मुलं चार-पाच वर्षांची. आपण टक्कल घेऊन समोर गेलो तर ती आपल्याला ओळखणार नाहीत, भितील, ही एवढीच धास्ती तिला होती. आजाराबद्दल ती फारसं बोललीच नाही. आक्काने स्वतःच्या हाताने तिचे केस कापले. तेव्हा चिमणी आरशात बघून विनोद करत होती आणि आक्काला मात्र कात्री नीट धरता येत नव्हती.

दवाखान्यातून सुटका झाली की मेल करते, असं ठरलं होतं. मग यायचं, टोप डोक्यावर बसवून बघायचा, शेवटची कापणी करायची आणि शाळेत जायचं. भावाने त्या टोपासाठी जीव ओतला. टाळूवरचे केस त्याने असे गाठले की भांग हवा तिथे पाडता यावा. टोप लाकडी डोक्यावर चढून तयार झाला. आता फक्त डोकं हवं होतं. आणि डोक्याकडून काही निरोपच नाही.

आक्का रोज सकाळी वीज कंपनीचं दर्शन घेऊन झालं की त्या केसांतून कंगवा फिरवी. तसं करायची काही गरज नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकत होती, पण ती शंका तोंडावर आणायची तिची हिंमत होईना. एकदा भाऊच म्हणाला, आक्का, शाळा उघडायची वेळ आली. त्यावर ती त्याच्या अंगावर एवढी खेकसली, की त्याने पुन्हा विषय काढला नाही. दुपारी तिने त्याच्यासमोर न विचारता चहा आणून ठेवला. तीच तिची माफी.

त्या शनिवारी सकाळी भावजय माहेराहून परत आली. आईचा पाय, माहेरची वहिनी, गाडीतली गर्दी, सगळं एका दमात सांगता सांगता तिने संगणक उघडला आणि बोलताबोलता थांबली. भावजय थांबली म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हे ओळखून भावानेही आकडा ठेवला.

“वन्सं, आपली माणसं कुठे गेली?”

आक्काने मोठ्या अभिमानाने चाळणीची हकिकत सांगितली. नाव नसलेला बाहेर, घाई करणारा बाहेर, वस्तू म्हणणारा बाहेर. वस्तू हा शब्द तोंडातून गेला मात्र आणि आक्काचं तिचं तिलाच ऐकू आलं. ती खुर्चीवर बसली. भावजयीने कपाळावर हात मारला तो तेव्हा.

कचऱ्याचा खण उघडला तर तो तुडुंब भरलेला. लॉटरी लागलेल्या, परदेशातल्या काकांची इस्टेट मिळालेल्या, जादूच्या गोळ्या विकणाऱ्या मेलांच्या मध्ये कारखान्याची सगळी गिऱ्हाइकं दाटीवाटीने उभी होती. आणि दोघांत फरक करणं सोपं नव्हतं. ‘आजच्या आज उत्तर द्या, नाहीतर माझं नाव खराब होईल,’ हे डाव्या भांगाचे होते. वाऱ्याने त्यांची भर सभेत फजिती झाली होती. ‘फक्त तुम्हीच मला वाचवू शकता,’ हा कोणी राजकुमार असेल म्हणून भावजय पुढे जाणार होती, तर त्या कुरळ्या बाई निघाल्या. उलट ‘आदरणीय बाई’ अशी नम्र सुरुवात करून खाली पूर्ण नावगाव लिहिलेला, केवळ ‘कोणाला सांगू नका’मुळे अडकलेला एकच मेल होता, तो अस्सल चोराचा.

भावजयीला हसू आवरेना. आक्काही हसली असती, पण तिचे डोळे पडद्यावर एकच गोष्ट शोधत होते. ती सापडली. एक नाही, चिमणीचे बरेच मेल होते, एकाखाली एक.

पहिल्यात भरपूर चिवचिव होती. दवाखाना संपला, वस्तू तयार आहे का, मी कधी येऊ? दुसऱ्यात विचारलं होतं, मागचा मेल पोचला नाही का? पुढचे मेल लहान लहान होत गेलेले. कालचा शेवटचा भावजयीने वाचायला घेतला, पण आक्काने पुढे होऊन तो स्वतःच वाचला.

‘आई म्हणते तुम्ही माझे केस विकून टाकले. मैत्रिणीही तेच म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या बाईचे हात माझे केस कापताना थरथरले ती ते विकणार नाही. पण सोमवारी शाळा उघडते. तुमचं उत्तर आल्याशिवाय यायचं नाही हे मला माहीत आहे, तरी उद्या मी येणार आहे. वस्तू झाली नसेल तर नुसते केस द्या. माझा अजून तुमच्यावर भरवसा आहे.’

 चिमणी जिवंत होती, सोमवारी शाळेत जाणार होती, या आनंदाने आक्काला गल्लीभर ओरडत सुटावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी लाजेने मान वर होत नव्हती. जिने जगाचं न ऐकता आक्कावर भरवसा ठेवला, तिला आक्काने लॉटरीवाल्यांत नेऊन बसवलं होतं. मग तिने पदराने तोंड पुसलं, भावजयीला बाजूला सरकवलं आणि एका बोटाने स्वतः उत्तर लिहिलं. केसांचा टोप तयार आहे, तुझेच केस आहेत, ये. खाली स्वतःचं पूर्ण नाव. गुपिताचे दोन नियम एका मेलमध्ये मोडले आणि तिला काही झालं नाही.

दुरुस्तीवाल्याला तातडीने बोलावलं. तो आला तेव्हा चादरी टाकायचं कोणालाच सुचलं नाही. दारात उभं राहून त्याने ती केसाळ लाकडी डोकी बघितली आणि हळूच आपल्या टाळूवर हात ठेवला.

“मावशी, म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्याकडे बघत होतात, ते यासाठी?”

“माप घेत होते,” आक्का म्हणाली. “बसा आता.”

तो बसला. भावजय ओळखून सांगे आणि तो एकेक पत्ता भरवशाच्या यादीत घाली. हे कोण, तर पिकल्या कानशिलांचे. हे कोण, तर भुवयांवाले. प्रत्येकाला माफीचं उत्तरही जात होतं. यादी लांबत चालली आणि तो म्हणाला, एका वीज कंपनीवरून बरीच प्रगती आहे तुमची. आक्काने त्याच्यासाठीही चहा टाकला. एवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं.

चिमणी दारात उभी होती. डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, चेहरा निम्मा झालेला, चिवचिव अजिबात नाही. घरून निघून बराच वेळ झाला होता, आक्काचं उत्तर तिने पाहिलेलं नव्हतं. आई खाली थांबलीय, ती भांडायला आलीय, मीच तिला वर येऊ दिलं नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली.

आक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. कारणं सांगायला पुष्कळ होती. पार्सल होतं, भावजय गावाला होती, यंत्र होतं.

“तुझी पत्रं मी लबाडांच्या ढिगात टाकली होती,” ती म्हणाली. “टाकली यंत्राने, पण त्याला शिकवलं मी. चूक माझी आहे.”

“म्हणजे केस आहेत?”

“आहेत.”

तोपर्यंत भाऊ लाकडी डोकं दोन्ही हातांत धरून घेऊन आलाच होता. चिमणीने ते बघितलं आणि मटकन खुर्चीत बसली. मग एकदम सुरूच झाली. दवाखान्यातलं जेवण, शेजारच्या खाटेवरच्या आजी, त्यांचं घोरणं, आणि तुमचं उत्तर येत नव्हतं तेव्हा आईने घातलेला गोंधळ. भावजयीला बरोबरीचं माणूस भेटलं. दोघी एकदम बोलायला लागल्या, दुरुस्तीवाला मध्ये बसून दोन्हीकडे मान डोलवू लागला.

टोप जरा सैल झाला, कारण चिमणी बारीक झाली होती. भावाने जाळीला मागून चिमटा घेतला. आक्काने कात्री घेतली, कानाजवळ थोडं, मानेवर थोडं. या वेळी हात स्थिर होता. शेवटी तिने मधोमध भांग पाडला आणि आरसा पुढे केला. चिमणीने मान इकडे फिरवून बघितली, तिकडे फिरवून बघितली. छान आहे, म्हणाली, पण तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. मुलं ओळखतील ना, तिने विचारलं. आक्काला खोटं सफाईने बोलता येत नसे. ओळखतील की, म्हणताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

खाली थांबलेल्या आईचा धीर सुटला होता. ती जिन्यावरूनच बोलत वर आली. दार धाडकन उघडून ती म्हणाली की मुलीच्या आजारपणात तिला फसवताना लाज कशी वाटली नाही, आणि अजूनही पुष्कळ म्हणणार होती. पण समोर मुलगी पाठमोरी बसली होती आणि पाठीवर तिचे केस होते. आईचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

ती पुढे आली. आक्काकडे तिने बघितलंही नाही. तिने आक्काच्या हातातला कंगवा काढून घेतला. त्या कंगव्याला आक्काशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे, तिच्या सख्ख्या भावाचासुद्धा.  आक्काने कंगवा सोडून दिला.

“भांग असा नाही पडत हिचा,” आई म्हणाली. “हिच्या टाळूवर भोवरा आहे, केस उजवीकडे पळतात. लहानपणापासून मीच घालतेय वेण्या.”

तिने मधला भांग मोडला. एका हाताने मुलीचं डोकं धरलं, हलू नकोस म्हणून दटावलं आणि कंगवा खस्सकन मागे ओढला.

“आई गं, हळू. दुखतं ना,” चिमणी म्हणाली.

 दुखण्यासारखं तिथे काही नव्हतं, ते केस जाळीत गाठलेले होते. हे आधी चिमणीच्या लक्षात आलं, मग आईच्या. चिमणी खदाखदा हसायला लागली. आईही हसली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबला नव्हता. भांग उजवीकडे सरकला. आरशातल्या चिमणीच्या कपाळावरची आठी गेली होती.

“ओळखतील,” आक्का म्हणाली. आता ते खरं होतं.

मग ती दुरुस्तीवाल्याकडे वळली आणि म्हणाली, भरवशाच्या यादीत हिच्या आईचा पत्ता घाला. आई म्हणाली, मला ईमेल वगैरे काही येत नाही.

“मग तुम्ही सरळ वरच येत जा,” आक्का म्हणाली आणि चहाला आणखी एक कप काढायला उठली.